शिष्यवृत्तीचा अर्ज : गरजूंची दुसरी परीक्षा

बारावीचा निकाल लागून महाविद्यालयांचे प्रवेश सुरू झाले की खानदेशातील तालुक्याच्या गावी एक दृश्य दरवर्षी हमखास पाहावयास मिळते. तहसील कचेरीच्या आवारात सेतू केंद्राच्या खिडकीपुढे रांग लागलेली असते. रांगेतील मुलामुलींच्या हातात एक प्लॅस्टिकची पिशवी असते आणि तिच्यात घरातील सारी कागदपत्रे कोंबलेली असतात : शाळा सोडल्याचा दाखला, शिधापत्रिका, वडिलांचे आधारपत्र, असल्यास सातबाऱ्याचा उतारा, जातीचा दाखला आणि गुणपत्रिका. मृगाच्या सरी पडून गेलेल्या असतात. घरी कपाशीच्या लागवडीची घाई असते, आणि शेतावर ज्या हातांची गरज आहे तेच हात येथे एका शिक्क्यासाठी ताटकळत उभे असतात. ज्यांना आपण गरजू विद्यार्थी म्हणतो त्यांच्या महाविद्यालयीन शिक्षणाचा आरंभ असा वर्गाबाहेर होतो.

शासनाकडे योजना नाहीत असे कोणी म्हणू शकणार नाही. अनुसूचित जाती व जमातींसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे; विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग व इतर मागासवर्ग यांच्यासाठी राज्याच्या स्वतंत्र योजना आहेत; आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ पासून समाजकल्याण विभागाची 'स्वाधार' आणि आदिवासी विकास विभागाची 'स्वयम्' योजना आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिकणाऱ्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्णपणे माफ झाले आहे. ही यादी कोणत्याही कल्याणकारी राज्याला भूषणावह ठरावी अशी आहे. प्रश्न योजनांच्या संख्येचा नाही. योजना आणि विद्यार्थी यांच्यामध्ये जो अर्ज उभा आहे त्याचा आहे, आणि त्या अर्जाची किंमत कोण भरतो याचा आहे.

दात्याची वाट आणि अर्जदाराची वाट

गरीब विद्यार्थ्याला शिकण्यासाठी साहाय्य करावे ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी करण्यास प्रारंभ केला. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि गावोगाव हिंडून मुले गोळा केली. आपल्या खानदेशातही प्रताप शेठजींच्या दातृत्वातून अमळनेरला शिक्षणाचे एक केंद्र उभे राहिले, आणि तेथील प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात साने गुरुजींनी मुलांची सेवा केली.

या साऱ्या प्रयत्नांत एक गोष्ट समान होती. दाता विद्यार्थ्याच्या शोधात निघत असे. ही व्यवस्था निर्दोष होती असे मुळीच नाही. दात्याची नजर जेथवर पोचे तेथवरच मदत पोचे, आणि घेणाऱ्याला आयुष्यभर उपकाराचे ओझे वाहावे लागे. म्हणूनच दातृत्वाची जागा हक्काने घेणे इष्ट होते, आणि तसे घडलेही. १९४४ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. पुढे ती आदिवासी विद्यार्थ्यांनाही लागू झाली. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना १९५९-६० च्या सुमारास आर्थिकदृष्ट्या मागासलेल्यांसाठी शुल्कमाफीची योजना आली. 'ई.बी.सी.' ही तीन अक्षरे त्यानंतर मराठी मध्यमवर्गाच्या आणि शेतकरी कुटुंबांच्या बोलीचाच भाग झाली. आज साठी-सत्तरीत असलेल्या कितीतरी शिक्षकांनी आणि कारकुनांनी आपले शिक्षण याच सवलतीवर पुरे केले आहे. या पानाच्या वाचकांतही असे पुष्कळ असतील.

परंतु दातृत्वाकडून हक्काकडे येताना वाट उलटी झाली, याची नोंद आपण पुरेशी घेतलेली नाही. पूर्वी देणारा शोधीत येई. आता घेणाऱ्याने आपली गरज सिद्ध करीत कचेऱ्यांतून हिंडावयाचे असते. हक्क मिळाला, पण तो मागण्याचे कौशल्य, वेळ आणि पैसा ज्याच्यापाशी सर्वांत कमी, त्याच्यावरच तो मागण्याची जबाबदारी येऊन पडली.

अर्जाचा जमाखर्च

अर्थशास्त्राचा अध्यापक म्हणून प्रस्तुत लेखकाला या व्यवहाराचा जमाखर्च मांडून पाहावासा वाटतो. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार अनुसूचित जातीचा जो विद्यार्थी घरी राहून बी.ए. किंवा बी.कॉम. करतो त्याला शुल्काव्यतिरिक्त निर्वाहभत्ता म्हणून वर्षाला ३,००० रुपये मिळावयाचे असतात. वसतिगृहात राहणाऱ्याला ६,०००. हे पैसे मिळविण्यासाठी काय करावे लागते ते पाहू.

प्रथम गावच्या तलाठ्याचा (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) उत्पन्नाबाबतचा अहवाल. तो घेऊन सेतू केंद्रामार्फत तहसीलदारांचा दाखला. जातीचा दाखला घरात नसेल तर त्याचे स्वतंत्र प्रकरण. मग बँकेत जाऊन खाते आधारशी जोडलेले आहे की नाही याची खातरजमा. त्यानंतर महाडीबीटी या संकेतस्थळावर अर्ज; गावात संगणक नाही आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर सगळे रकाने नीट दिसत नाहीत, म्हणून तालुक्याच्या गावी एखाद्या दुकानात बसून. शेवटी अर्जाची प्रत आणि कागदपत्रे महाविद्यालयाच्या कार्यालयात. प्रत्येक काम पहिल्याच खेपेत झाले असे गृहीत धरले तरी चार खेपा होतात. एका खेपेची बुडालेली मजुरी ३०० रुपये आणि जाण्यायेण्याचा, झेरॉक्सचा व दुकानदाराचा खर्च १०० रुपये धरा. हा मोघम हिशेब आहे, आणि तो हात राखूनच केलेला आहे. तरीही चार खेपांचे १,६०० रुपये होतात. तीन हजार रुपयांच्या मदतीसाठी सोळाशे रुपयांचा खर्च! त्यातून मदत मिळेलच याची शाश्वती नाही, आणि केव्हा मिळेल हे तर कोणालाच सांगता येत नाही.

ज्या घरात आई किंवा वडील नोकरीत आहेत त्या घराला हीच कामे इतकी महाग पडत नाहीत. त्यांना कचेरीची भाषा येते. कोणाशी बोलावे हे ठाऊक असते. रजा काढली तरी पगार बुडत नाही. म्हणजे एकच अर्ज गरिबाला महाग आणि बऱ्या स्थितीतील माणसाला स्वस्त पडतो. करांच्या बाबतीत असे घडले तर आपण त्याला अन्यायकारक कर म्हणू. अर्जाच्या बाबतीत मात्र आपण त्याला 'प्रक्रिया' म्हणतो.

वेळेचा प्रश्न तर पैशाहूनही बिकट आहे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या आणि शेतमजुराच्या घरी पैसा येतो तो कापूस वेचणीच्या दिवसांत, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे. प्रवेश होतो जून-जुलैत, जेव्हा बियाणे आणि खते यांनी घर आधीच रिकामे केलेले असते. शिष्यवृत्तीची रक्कम मात्र खरिपाचा हंगाम सरल्यानंतर, पुष्कळदा शैक्षणिक वर्ष संपता संपता किंवा त्याच्याही पुढे खात्यावर येते. मधल्या काळातील खोली, बस, पुस्तके आणि जेवण यांचा खर्च हातउसन्यातून किंवा सावकाराकडून भागविला जातो. शासनाने मदत म्हणून दिलेला रुपया विद्यार्थ्यापर्यंत येतो तेव्हा त्यातला काही भाग व्याजात गेलेला असतो. उशिरा दिलेले साहाय्य हे कमी दिलेले साहाय्य असते, हा अर्थशास्त्रातील अगदी प्राथमिक धडा आहे.

एक विद्यार्थिनी आणि एक कबुली

दोन वर्षांपूर्वीची एक हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरील मुलगी आमच्याकडे बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होती. तिच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली ती पहिलीच. तिचा अर्ज दोनदा परत आला. शाळेच्या दाखल्यावर तिचे नाव एक, आधारपत्रावर त्याच नावाचे दुसरे रूप; शाळेत घालताना गुरुजींनी एक लिहिले आणि आधारच्या शिबिरात कोणी दुसरे लिहिले, एवढाच त्याचा इतिहास. दोन्ही वेळा संगणकावर शेरा उमटला तो एका शब्दाचा : 'त्रुटी'. कोणती त्रुटी, ती कशी दुरुस्त करावी, कोणाला भेटावे, याबद्दल अक्षरही नव्हते.

महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती समितीवर त्या वर्षी प्रस्तुत लेखक होता. परत आलेल्या अर्जांची यादी माझ्यासमोर आली होती आणि तिच्यावर माझी सही आहे. 'विद्यार्थ्यांना कळविण्यात यावे' असा शेरा मी मारला आणि यादी पुढे सरकविली. सूचनाफलकावर कागद लागला. त्या आठवड्यात ती मुलगी वेचणीसाठी गावी होती. परत आली तेव्हा मुदत संपून गेलेली होती. पुढे मुदतवाढ मिळाली, नाव दुरुस्त झाले आणि अर्ज मंजूरही झाला. तरी तिच्या पासबुकात रक्कम दिसेना. चौकशीअंती असे निघाले की भ्रमणध्वनीची सिमपत्रिका घेताना एका फिरत्या विक्रेत्याने तिचा अंगठा घेऊन आणखी एक खाते उघडून दिले होते. आधारशी शेवटचे जोडले गेलेले खाते ते होते, आणि पैसे निमूटपणे तेथे जाऊन बसले होते. पैसे होते, तिचेच होते. पण त्या खात्याचे अस्तित्वच तिला ठाऊक नव्हते. हे उलगडेपर्यंत दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाची तारीख उलटली होती आणि तिने वर्ष सोडले होते.

यात कोणाची लबाडी नव्हती. प्रत्येकाने आपापल्या टेबलावरचे काम नियमाप्रमाणे केले होते. मीही केले होते. सूचनाफलकाऐवजी एक दूरध्वनी केला असता तर एक वर्ष वाचले असते, ही टोचणी मात्र अजून गेलेली नाही. ती यंदा पुन्हा प्रवेश घेऊन दुसऱ्या वर्षाला बसली आहे. परंतु अशा किती जणी परत येत नाहीत त्यांची नोंद कोणत्याही संकेतस्थळावर होत नसते. नामंजूर अर्ज मोजता येतात. अर्धवट राहिलेले आणि न केलेले अर्ज कोण मोजणार?

उत्पन्नाचा दाखला : नेमकेपणाचा आभास

सगळ्या योजनांचा कणा उत्पन्नाचा दाखला हा आहे. नोकरदाराचे उत्पन्न वेतनपत्रकावर लिहिलेले असते. शेतमजुराचे, केळीच्या बागेत घड वाहणाऱ्याचे, जिनिंगमध्ये हंगामी काम करणाऱ्याचे, ऊसतोडीला जिल्ह्याबाहेर जाणाऱ्याचे उत्पन्न कोठे लिहिलेले असते? कोठेच नाही. तेव्हा दाखल्यावरील आकडा हा एक अंदाज असतो, आणि तो अंदाजच असणार. यात तलाठ्याचा दोष नाही. दोष आहे तो या अंदाजाला तराजूच्या काट्याइतके नेमके मानून त्यावर होय-नाहीचा निवाडा करण्यात.

मर्यादांचे गणितही तपासण्यासारखे आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा २०१३ मध्ये अडीच लाख रुपये झाली आणि पुढे दशकभर ती तेथेच राहिली. याच काळात किमती मात्र दीडपटीहून अधिक वाढल्या. म्हणजे कागदावर न बदललेली मर्यादा प्रत्यक्षात खाली आली. पतिपत्नी दोघांनी रोज ४२० रुपये मजुरीने वर्षातील ३०० दिवस काम केले असे समजा. त्यांचे मिळून उत्पन्न २,५२,००० रुपये होते, आणि हे भूमिहीन जोडपे मर्यादेच्या बाहेर पडते. अशा विद्यार्थ्यास शुल्कमाफी मिळू शकते, परंतु निर्वाहभत्ता मिळत नाही. दुसऱ्या बाजूला इतर काही योजनांत मर्यादा आठ लाखांची आहे. एकाच राज्यात गरिबीच्या या दोन व्याख्या कशा काय नांदतात, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही. आठ लाखांची मर्यादा खाली आणा असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. अडीच लाखांची मर्यादा महागाईशी जोडा, एवढेच म्हणावयाचे आहे.

शुल्कमाफीकडेच सर्वांचे लक्ष लागलेले असते, त्याबद्दलही दोन शब्द आवश्यक आहेत. तालुक्याच्या गावच्या अनुदानित महाविद्यालयात कला शाखेचे शुल्क हा मोठा खर्च नसतो. मोठा खर्च असतो तो राहण्याचा, खाण्याचा, प्रवासाचा आणि न कमावलेल्या मजुरीचा. मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत मिळालेली संपूर्ण शुल्कमाफी स्वागतार्ह आहे. परंतु चोपडा, यावल, शिरपूर किंवा साक्री तालुक्यांतील पाड्यावरून येऊन बी.ए. करणाऱ्या मुलीचा प्रश्न तिने सुटत नाही. तिला निर्वाहासाठी रोख रक्कम हवी, आणि ती वेळेवर हवी.

सातासमुद्रापलीकडचा अनुभव

अर्ज हाच अडसर ठरतो हा अनुभव केवळ आपला आहे असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकेसारख्या धनाढ्य देशात गरीब कुटुंबांतील मुले मोठ्या संख्येने दोन वर्षांच्या सामुदायिक महाविद्यालयांत जातात. आपल्या तालुक्याच्या महाविद्यालयांशी त्यांचे पुष्कळ साम्य आहे. त्यांच्यासाठी १९७२ पासून केंद्र शासनाचे गरजाधारित अनुदान आहे. पुढे १९८० मध्ये त्याला सिनेटर पेल यांचे नाव देण्यात आले. हे अनुदान मिळविण्यासाठी भरावयाच्या अर्जात एके काळी शंभराहून अधिक प्रश्न होते. तेथील काही अर्थशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला आणि २०१२ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. करविवरण भरून देणाऱ्या कार्यालयांत आलेल्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांपैकी काहींना तेथेच बसवून, जवळ असलेल्या माहितीवरून, हा अर्ज भरून देण्यात आला. दुसऱ्या काहींना किती अनुदान मिळू शकेल एवढी माहिती दिली, पण अर्ज त्यांचा त्यांनीच भरावयाचा होता. शालान्त वर्गातील ज्या मुलांच्या पालकांना अर्ज भरून मिळाला, त्यांच्यात पुढील तीन वर्षांत दोन वर्षांचे महाविद्यालयीन शिक्षण पुरे करणाऱ्यांचे प्रमाण २८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेले. ज्यांना नुसती माहिती मिळाली त्यांच्यात फरक पडला नाही.

या प्रयोगातून आपण घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. आपण जाहिराती देतो, मेळावे भरवितो, भिंतीवर फलक लावतो. म्हणजे माहिती देतो. माहितीची उणीव हा मुख्य रोगच नव्हे. शेजारी बसून अर्ज पुरा करून देणारा माणूस नाही, हा रोग आहे. याच देशाने २०२० मध्ये कायदा करून आपला अर्ज सोपा करण्याचे ठरविले. नवा अर्ज २०२३ च्या डिसेंबर अखेरीस खुला झाला तेव्हा मात्र संगणकप्रणालीतील दोषांमुळे मोठा गोंधळ उडाला. आपल्याकडे २०१७-१८ मध्ये महाडीबीटी सुरू झाले तेव्हाही अशाच अडचणींमुळे त्या वर्षी अर्ज जुन्या पद्धतीने स्वीकारण्याची पाळी आली होती. यंत्राने काम झटपट होते हे खरे. पण यंत्र अडले की सर्वांत आधी कोण अडतो हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

गैरव्यवहाराचा आक्षेप

या सर्व विवेचनावर एक आक्षेप हमखास घेतला जाईल. कागदपत्रे शिथिल केली तर खोटे लाभार्थी शिरतील, सार्वजनिक पैशाची लूट होईल. हा आक्षेप पोकळ नाही. शिष्यवृत्तीतील गैरव्यवहारांची चौकशी करण्यासाठी राज्य शासनाला २०१६ मध्ये विशेष पथक नेमावे लागले होते. परंतु त्या चौकशीचा रोख प्रामुख्याने कोणाकडे होता? शिक्षणसंस्थांकडे. विद्यार्थ्यांच्या नावावर रकमा उचलल्याच्या तक्रारी संस्थांविरुद्ध होत्या. उत्पन्नाचा दाखला मागणाऱ्या शेतमजुराच्या मुलाविरुद्ध नव्हत्या. विद्यार्थ्याच्या खात्यावर थेट रक्कम जमा करण्याची पद्धत या दृष्टीने योग्यच आहे, आणि तिला विरोध करण्याचा येथे हेतू नाही. मात्र चोरी एकाने करावयाची आणि तिच्या बंदोबस्ताचा भार दुसऱ्याने वाहावयाचा, हा न्याय नव्हे.

शिवाय कोणत्याही निवडक योजनेत दोन प्रकारच्या चुका संभवतात. अपात्राला लाभ मिळणे ही एक, आणि पात्राला तो न मिळणे ही दुसरी. गरजूंची निवड करण्याच्या धोरणाची मानहानीसकट जी छुपी किंमत असते तिच्याकडे अमर्त्य सेन यांनी १९९५ मध्येच लक्ष वेधले होते. पहिल्या चुकीचा बोभाटा होतो, लेखापरीक्षणात शेरा येतो, अधिकाऱ्यावर ठपका बसतो. दुसऱ्या चुकीबद्दल कोणालाही जाब द्यावा लागत नाही. साहजिकच साऱ्या यंत्रणेचा कल पहिली चूक टाळण्याकडे असतो, आणि दुसरी चूक हळूहळू नित्याची होऊन बसते.

काय करता येईल?

उपाय अवघड नाहीत, आणि त्यांपैकी बहुतेकांना फारसा पैसाही लागत नाही. पहिला उपाय असा की शासनाने आपल्याच दप्तरी असलेली माहिती विद्यार्थ्याकडून पुन्हा मागू नये. शिधापत्रिका शासनाची, सातबारा शासनाचा, जातीचा दाखला शासनाचा, दहावी-बारावीची गुणपत्रिका शासनाच्याच मंडळाची. एका खात्याचा कागद दुसऱ्या खात्याकडे नेण्याचे हरकाम्याचे काम विद्यार्थ्याने का करावे? ज्या कुटुंबाकडे अंत्योदयाची शिधापत्रिका आहे त्याला उत्पन्नाचा वेगळा दाखला मागण्याचे कारणच नाही. आणि एकदा पात्र ठरलेल्या विद्यार्थ्याला पदवीची तीनचार वर्षे पात्र मानावे. भूमिहीनाचे भाग्य दर जूनमध्ये पालटत नसते. शासनाची इच्छा असेल तर अडसर दूर होतात हे २०२५ मध्ये दिसले आहे. दाखल्यांसाठी लागणाऱ्या प्रतिज्ञापत्रांवरील पाचशे रुपयांचे मुद्रांक शुल्क त्या वर्षी माफ झाले.

दुसरा उपाय वेळेचा. निर्वाहभत्त्याचा पहिला हप्ता प्रवेशाबरोबर, निदान पोळ्यापूर्वी मिळावा. छाननी मागाहून व्हावी. शेतकऱ्याला पीककर्ज पेरणीच्या वेळी लागते हे आपण मान्य केले आहे. विद्यार्थ्याच्या बाबतीतही तेच तत्त्व लागू करावयाचे आहे.

तिसरा उपाय उत्तरदायित्वाचा. अर्ज परत पाठविताना 'त्रुटी' एवढाच शब्द न लिहिता कोणता कागद, कोणती चूक आणि दुरुस्ती कोठे होईल हे मराठीत लिहिणे बंधनकारक करावे. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा दाखल्यांना मुदत घालून देतो आणि मुदतीत दाखला न मिळाल्यास अपिलाचा मार्गही देतो. शिष्यवृत्तीच्या मंजुरीला आणि रक्कम जमा होण्यालाही तशीच मुदत का नसावी?

चौथा उपाय मात्र शासनाची वाट न पाहता आपल्याला करता येण्यासारखा आहे, आणि तो सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच केला. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांसाठी १९९० मध्ये स्थापन झालेल्या आपल्या विद्यापीठाला २०१८ पासून बहिणाबाई चौधरींचे नाव आहे. ज्यांना स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हते अशा आसोद्याच्या एका शेतकरी स्त्रीचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाच्या महाविद्यालयांत, निरक्षर आईबापांच्या मुलांचे अर्ज केवळ रकाने नीट न भरल्यामुळे परत जावेत, हे आपल्याला शोभणारे नाही. प्रत्येक महाविद्यालयाने जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत रोज दुपारी दोन तास एक अर्जकक्ष चालवावा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या ज्या विद्यार्थ्यांनी स्वतः ही वाट तुडविली आहे त्यांना 'कमवा आणि शिका' योजनेतून मानधन देऊन तेथे बसवावे. पाड्यावरची बोली बोलणारा एखादा विद्यार्थी त्यांत अवश्य असावा. प्रत्येक वर्गशिक्षकाने आपल्या वर्गातील पात्र विद्यार्थ्यांची यादी करून अर्ज झाला, परत आला, मंजूर झाला, रक्कम जमा झाली, अशा चार रकान्यांत तिची दर पंधरवड्याला नोंद ठेवावी. चौथा रकाना भरेपर्यंत काम झाले असे मानू नये.

कार्यालयातील कारकून बंधूंना एक विनंती आहे. तुमच्यावरील कामाचा बोजा प्रस्तुत लेखक रोज पाहतो. कित्येक महाविद्यालयांत पदे रिक्त आहेत आणि एकाच माणसाच्या माथी चार योजना आहेत. तरीही परत आलेल्या अर्जाची खबर फलकावर न लावता दूरध्वनीवर द्यावी. विद्यार्थ्यांनाही सांगणे आहे : बँकेत जाऊन आपल्या आधारशी नेमके कोणते खाते जोडलेले आहे ते अर्ज करण्यापूर्वीच विचारून घ्या, शाळेच्या दाखल्यावरील नाव आणि आधारवरील नाव अक्षरशः ताडून पाहा, आणि दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच मागा. पोच मागणे हा उद्धटपणा नव्हे.

आमच्या महाविद्यालयात यंदा असा कक्ष ग्रंथालयाच्या व्हरांड्यात एका टेबलावर सुरू झाला आहे. वर ज्या मुलीची हकीकत सांगितली तीच तेथे बसते. आधारचे खाते तपासून आलास का, हा तिचा येणाऱ्या प्रत्येकाला पहिला प्रश्न असतो.